वायरीच्या त्या टोकाला आत्ती

प्रिय आत्ती,

मागच्या महिन्यात तुझं वर्षश्राद्ध झालं. पाटावर ठेवायला तुझा फोटो नव्हता. आबांनी एक नारळ ठेवला, त्यालाच हार घातला. पाहुण्यांतला एकजण सहज बोलून गेला, "घरात फोटो काढणारा पोरगा असून आत्तीचा फोटू न्हाई व्हय?" तो जेवून, पान खाऊन गेलासुद्धा. मी मात्र अजून त्याच्या त्या वाक्यापाशीच बसलोय. म्हणून हे पत्र. तुला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे मला. पण दादाची पत्रं तुला मीच वाचून दाखवायचो ना? तसंच हेही समज.

श्राद्धाच्या आधी मी सांगलीला जाऊन आलो होतो, आपल्या त्या स्टुडिओवाल्याकडं. म्हटलं, आत्तीचा फोटो नाही, काही होईल का? तर म्हणतो, "सोपं हाय की! तुमच्या वडलांचा फोटू आणा. भावा-भैनीचं नाकडोळं एकच. मिश्या घालवतो, डोक्यावर पदर काढतो, झाली तुमची आत्ती!" आत्ती, आबांना पदर! मला दुकानातच हसू फुटलं. तूही पोट धरून हसली असतीस. मग एसटी स्टँडवर येऊन बाकड्यावर बसलो आणि रडू आलं, ते काही केल्या थांबेना.

तुला आठवतं, दादा पलटणीतून सुट्टीवर आला आणि ट्रंकेतून कॅमेरा काढला? सोबत तो फ्लॅश, चार सेल घातले की बारीक शीळ घालणारा. तू म्हणालीस, "ह्यात किडा शिरलाय जणू." दादानं दोन्ही वस्तू माझ्या हातात दिल्या. "मी वर्षातनं एकदा येणार. तू घरच्यांचं फोटू काढ आन् मला पाठीव. तिकडं बर्फात दुसरं काय बघू?" मी साताऱ्याला कचेरीत कारकून. शनिवारच्या गाडीनं गावी यायचं आणि रविवारी जेवणं झाली की सोप्यात घोंगडं अंथरून सगळ्यांना बसवायचं, असं सुरू झालं.

पहिला रोल काय आला होता! फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर. सगळ्यांची कपाळं चकचकीत, डोळे वटारलेले, आणि मागं भिंतीवर प्रत्येकाची काळीकुट्ट सावली. आबा म्हणाले, "ही घरची माणसं हायत का पोलिसांनी धरून आणल्यात?" स्टुडिओवाल्यानंच शहाणपण शिकवलं. "आवं, कंदील नाकाम्होरं धरून कुणाचं त्वांड बघत्यात का? बाजूला धरत्यात. फ्लॅश काढा त्या कॅमेऱ्यावरनं." साताऱ्यात एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून मी दहा फुटी वायर जोडून घेतली. एक टोक कॅमेऱ्यात, दुसरं फ्लॅशमध्ये. झकास! पण फ्लॅश धरायचा कुणी?

त्या रविवारी घोंगड्यावर आबा बसले, आई बसली, तान्ह्या कमळला मांडीवर घेऊन वहिनी बसली. तू स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी. मी म्हणालो, "आत्ती, ये की." तू म्हणालीस, "सवाशिणींत माझं काय काम रं?" सतराव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी आलीस, तेव्हापासून लग्न असो, बारसं असो, तू अशीच दारात. आई पदर नीट करत राहिली. आबा छपराकडं बघत राहिले. आणि मी? मी फ्लॅश तुझ्या हातात दिला. "मग हे धर," म्हणालो. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला! तुला काम मिळालं, आमची पंचाईत सुटली. फोटो फार छान आला, आत्ती.

आणि किती पटकन शिकलीस तू! दुसऱ्या रोलात सगळे गिरणीतून दळण आणल्यासारखे पांढरेफटक आले होते. फ्लॅशबरोबरचा कागद मी दहादा वाचला, तरी कळेना कुठं चुकतंय. तू शेंगा फोडत बसली होतीस. म्हणालीस, "उजेड माझ्याकडनं जातूय न्हवं? मग अंतर माझ्यापासनं मोजायचं का तुझ्यापासनं?" मी कपाळावर हात मारला. तेव्हापासून तू कोपरापासून बोटापर्यंत हात टाकत जायचीस आणि ओरडायचीस, "चार हात!" चार हात म्हणजे सहा फूट. उजेड आत घेणारं भिंगाचं छिद्र मी त्या मापानं लहान-मोठं ठेवायचो आणि फोटो कधी चुकला नाही.

मग ते भिंतीचं. कमळ दर वेळी उजेडाला दचकून भोकाड पसरायची. एकदा मी बटण दाबणार तेवढ्यात तू फ्लॅश गर्रकन भिंतीकडं फिरवलास. मी केवढा ओरडलो तुझ्यावर! "वाया घालवलास ना फोटो!" तू शांतपणे म्हणालीस, "लेकराच्या डोळ्यात कशाला मारायचा? भित्तीवर मार. भित्त काय रडत न्हाई." तो फोटो धुऊन आला तर काय? जरा काळपट होता, पण चेहरे बघ! कुठं चकाकी नाही, सावली नाही. आई सकाळच्या उन्हात दाराशी बसल्यासारखी दिसत होती. चुना दिलेल्या भिंतीवरून उजेड परतून आला होता. पुढं मी छिद्र दोन घरं मोठं ठेवायला लागलो, आणि आपले फोटो भावकीत गाजायला लागले. स्टुडिओवाल्यानं विचारलं, "हे कुणी शिकीवलं?" मी म्हणालो, "जमलं आपलं असंच." तुझं नाव घ्यायला काय झालं होतं मला?

दादाला फोटो पोचले, त्याचं पत्र आलं. मी तुम्हा सगळ्यांना वाचून दाखवलं, तूही पुढ्यातच बसली होतीस. त्यातली एक ओळ मी गिळली. आज सांगतो. दादानं लिहिलं होतं, "समद्या फोटोत आत्ती कुठं दिसत न्हाई? फ्लॅश दुसऱ्या कुणाला धरायला दे आणि तिला मधी बसव." आईसमोर ते वाचायची मला हिंमत झाली नाही. तू विचारलंस, "माझं काय लिवलंय का?" मी म्हणालो, "नमस्कार सांगितलाय."

तू कधी हट्ट केला नाहीस. एकदाच, बेंदराच्या आदल्या दिवशी. सगळे उठून गेले होते आणि तू वायर गुंडाळत होतीस. माझ्याकडं न बघता विचारलंस, "रोलात किती उरल्यात रं?" मी म्हणालो, "एकच." तू म्हणालीस, "मग…" आणि थांबलीस. मला कळलं होतं, आत्ती. खोटं कशाला बोलू, कळलं होतं. तरी मी म्हणालो, "तो उद्या बैलांसाठी ठेवलाय, शिंगं रंगवल्यावर." तू म्हणालीस, "व्हय व्हय, बैलांचा काढ. लय देखणी दिसत्यात." आज सोप्यात दोन्ही बैलांचा फोटो चौकटीत आहे.

मला तुझा रागही येतो कधी कधी. दादा गेला, घाटात पलटणीची गाडी कोसळली, तेव्हा वहिनीचं कपाळ पुसायला गल्लीतल्या बाया आल्या. तू उंबऱ्यात आडवी उभी राहिलीस. "तिचं ती पुसंल, कवा पुसायचं त्ये. कुणी हात लावायचा न्हाई." बाया मुकाट माघारी गेल्या. एवढं बळ होतं ना तुझ्यात? मग स्वतःसाठी एकदा का नाही वापरलंस? मला एक मुस्काडात मारून का नाही बसलीस घोंगड्यावर? आणि मग दोन दिवसांच्या तापात निघूनही गेलीस. कसली घाई झाली होती तुला?

दादा गेल्यापासून कॅमेरा ट्रंकेतच होता. श्राद्धादिवशी पंगती उठल्यावर आबा म्हणाले, "शिवा, फोटू काढ रं एक. फुडच्या वक्ताला कोण असंल, कोण नसंल." मी नवे सेल घातले, घोंगडं अंथरलं. आबा, आई, कमळ बसली. मी वायर जोडतोय, तेवढ्यात वहिनी आतून हात पुसत आल्या आणि सरळ माझ्यापुढं येऊन हात पसरला. "द्या भावजी. मी धरते. आत्तीचं बघितलंय मी." आई लगेच म्हणाली, "दे की, ती धरंल." आणि तोच सुटकेचा सुस्कारा मला पुन्हा ऐकू आला, सगळ्यांचा.

माझा हात पुढं झाला होता, आत्ती. सवय वाईट. पण तसाच मागं घेतला. सुतळी आणली आणि फ्लॅश खिडकीच्या गजाला करकचून बांधला. म्हणालो, "वहिनी, तुमी बसा." त्यांचा चेहराच उतरला. "मी? नगं भावजी, आज आत्तीचं शराद, लोकं हायत…" आईनं ओठ आवळले. मग माझंही डोकं फिरलं. "तुम्ही बसल्याशिवाय मी बटण दाबत नाही. बसू दे सगळ्यांना दिवस मावळेपर्यंत!"

कुणी हलेना. मग आबा खाकरले. "कमळे, सरक. आईला जागा दे." वहिनी बसल्या, अंग चोरून. कमळनं त्यांचा पदर मुठीत धरला. मी बटण दाबलं.

काल तो फोटो घेऊन गावी गेलो. फोटो म्हणशील तर बिघडलाय. गजाला बांधलेला फ्लॅश वळलाच नाही, निम्मे चेहरे उजेडात, निम्मे अंधारात. आईनं तोंड फिरवलंय. वहिनी मात्र सरळ समोर बघतायत. त्यांनी तो हातात घेतला तो खाली ठेवलाच नाही. कमळ त्यांच्या खांद्यावरून वाकून बोट ठेवत गेली. "ह्यो आज्जा. ही आज्जी. ही मी. ही माझी आई." मग तिनं मला विचारलं, "काका, आत्तीआज्जी कशी दिसायची?"

मी सांगायला लागलो. उंच होती, म्हणालो. हनुवटीवर गोंदण होतं. पुढं वहिनींनी सांगितलं, मग आबांनी. आणि डाव्या गालावर तीळ होता का उजव्या, यावर आम्ही तिघं अडलो. वर्षच झालंय गं, आत्ती. आईनं चुलीपासून सांगितलं, "डाव्या." पण तिलाही खात्री नव्हती.

आबांना पदर घालून तुझा फोटो मी करून घेणार नाही. तुझी जागा रिकामीच राहू दे, आणि का रिकामी आहे हे कमळला मी सांगेन, माझ्या नावासकट. आणि हा शब्द देतो. मी कॅमेरा धरीन तोवर या घरातली कुठलीही बाई वायर धरून बाहेर उभी राहणार नाही. फोटो बिघडले तर बिघडू देत.

तुझा अपराधी,
शिवा