मामांनी चमकवलेल्या चकत्या

प्रिय घुम्या,

जमलं! हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. आमचा सेन्सर आज पास झाला. मी वर्कशॉपमध्ये चक्क नाचले. टेबलाचा कोपरा लागून गुडघा टम्म सुजलाय, तरी एका जागी बसवत नाहीये.

आपलं काय ठरलं होतं ते तुला वेगळं सांगायला नको, पण मी सांगणारच. आजची चाचणी फसली, तर वर्कशॉपला कुलूप लावायचं आणि मी गाशा गुंडाळून तुझ्याकडे राहायला यायचं. नवरा एकीकडे टाकून लेसरशी किती दिवस संसार करणार, असं तुझ्या आई विचारतातच. त्यामुळे सकाळी पंप कंपनीचे तपासणी साहेब दारात उभे राहिले तेव्हा मी आधी कुलूप नजरेआड ठेवलं.

काम तसं सरळ. पंपातल्या झडपेची चकती सेन्सरखाली ठेवायची. तिच्यावर लेसरचा लाल ठिपका पडतो आणि परत आलेल्या उजेडावरून जाडी कळते, हात न लावता. इतके दिवस शहाण्यासारखं वागणारं यंत्र आज मात्र बिथरलं. चकती तीच, आकडा दर वेळी नवा, मध्येच आकडा गायब! साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मी केबल हलवली, काच पुसली, देवाला साकडं घातलं. शेवटी चकतीच उचलून पाहिली, तर तिच्यात मला माझे दात दिसले.

आमच्या फिटर मामांचा प्रताप! पाहुणे येणार, त्यांच्यापुढे मळकट माल कसा मांडायचा, म्हणून त्यांनी काल बसून सगळ्या चकत्या आरशासारख्या पॉलिश केल्या होत्या. खरबरीत चकतीवरून उजेड चहूकडे पसरतो, त्यातला थोडा सेन्सरला मिळतो. आरशावरून तो भलतीकडेच पळतो. मी साहेबांना म्हटलं, तुमच्या कारखान्यातल्या चकत्या गाडीत आहेत ना, त्या आणा, मशीनवरून उतरल्या तशा. ते तयार होईनात. मी हट्टालाच पेटले, तुला माझा हट्ट माहीत आहे. शेवटी आणल्या. एकेक आकडा त्यांच्या मायक्रोमीटरशी जुळत गेला. मग एक चकती पातळ निघाली आणि मला वाटलं, यंत्र पुन्हा बिथरलं, संपलं सगळं. तर साहेब हसायला लागले. ती खराब चकती त्यांनीच मुद्दाम मिसळली होती!

मामांचा चेहरा एवढासा झाला होता. मग पळणारा उजेड थेट आत शिरेल असा सेन्सर जरा तिरका बसवला आणि त्यांच्या चकत्याही मोजून दाखवल्या. आता ते सगळ्यांना सांगत सुटलेत की खरी परीक्षा त्यांनीच घेतली.

आता एवढी मोठी बातमी फोनवर का नाही सांगितली, ते सांगते. तू लगेच अभिनंदन म्हणाला असतास, आणि त्यातलं मनापासून किती ते मला तुझ्या आवाजावरून कळलं असतं. मग मीच विरघळले असते. तू तिकडे दोघांसाठी घर बघून ठेवलंयस, आईंनी मला सांगितलं. पण मी येत नाही रे. मला हे काम करायचंय, आणि तूही हवा आहेस, दोन्ही तितकंच. तू इकडे येशील? लगेच उत्तर देऊ नकोस. आधी चिडून घे, मग फोन कर.

तुझीच, कुठेही असले तरी,
बडबडी