टर्बोची शिट्टी आणि काळा दोरा

२ ऑक्टोबर, दसरा
सकाळी गाडी धुतली. झेंडूचा हार मीच चढवला. हार म्हणजे यंत्राविषयीची कृतज्ञता, त्याला माझी हरकत नाही. पण वायपरचं पाणी भरायला बॉनेट उघडलं, तर आत काळा दोरा, त्यात ओवलेला बिब्बा आणि मिरची! आमच्या सौ. सरोजिनीचं काम. ज्या अंधश्रद्धेविरुद्ध मी बारामतीपासून इंदापूरपर्यंत व्यासपीठं हादरवली, ती माझ्याच बॉनेटखाली. कात्री आणली. दोरा, त्याचे फाटे, आजूबाजूचं काळं जाळं, सगळं एका दमात छाटलं. छाटताना दोन-चार वाक्यंही बोललो. चांगली झाली. ऐकायला कुणी नव्हतं.
असलं काही ओलांडू नये म्हणे, म्हणून सरोजिनी खाली पडलेलं सगळं वेचून आत घेऊन गेली.
संकल्प: १२ तारखेला लेक ओवीला पहिल्या बाळंतपणासाठी इंदापूरहून माझ्याच गाडीतून आणायचं.

३ ऑक्टोबर
पिंपळीपर्यंत चक्कर मारली. गाडी ओढत नाही. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी तीच रडकथा. टर्बोची शिट्टी बंद. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा. मुरमाची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरने ओव्हरटेक केलं. ड्रायव्हरने मागे वळून हात केला.
निदान: भेसळीचं डिझेल. दुसरं काही असूच शकत नाही.

४ ऑक्टोबर
दुसऱ्या पंपावरून टाकी फुल. फरक नाही.
दिवसभर टर्बोवर वाचन. बाहेर फेकला जाणारा धूर एक चक्र फिरवतो, ते चक्र ताजी हवा दाबून इंजिनात भरतं. तो दाब म्हणजे बूस्ट. टाकाऊतून ताकद! पुढच्या भाषणात वापरणार.
निदान: एअर फिल्टर. बदलला. फरक नाही.

६ ऑक्टोबर
दादासोच्या गॅरेजला गेलो. त्याने स्कॅनर लावला. म्हणाला, “बूस्ट कमी येतोय सर, कुठं लीक हाय का बघू.” मी त्याला थांबवलं. आधी तत्त्व समजून घे, म्हटलं, आणि हवेच्या दाबाचं तत्त्व मुळापासून सांगितलं. बाकड्यावरच्या गिऱ्हाइकांनी मन लावून ऐकलं. एकाने चहा मागवला. दादासो शेवटी म्हणाला, “सर, गाडी ठेवा आन् भाषण घिऊन जावा.”
अपमान. गाडी घेऊनच परतलो. बॉनेट त्याला उघडू दिलं नाही.

८ ऑक्टोबर
ओवीचा फोन. पाय सुजलेत. म्हणाली, “बाबा, नक्की येताय ना? मला आईजवळ यायचंय.” नक्की, म्हटलं. मग व्याही आप्पासाहेबांनी फोन घेतला. डाळिंबाचे मोठे बागायतदार, आवाज त्याहून मोठा. “सर, गाडी चढाला दम टाकती म्हनं? न्हाय जमलं तर बाळंतपण हितंच करू. दवाखाना हाय, मानसं हायती. पोरीला मधी रस्त्यात नका बशिवू.”
मी म्हटलं, ओवी माझ्याच गाडीतून येईल, हा शब्द आहे.
सरोजिनीने ऐकलं. ओवीच्या खोलीत नवीन चादर घातली होती, त्या पलंगावर जाऊन बसली. दिवा लावला नाही.
शब्द जरा घाईत दिला का? नाही.

९ ऑक्टोबर
गळती शोधायला टर्बोच्या मोठ्या पाइपवर साबणाचं पाणी लावलं. बुडबुडे नाहीत. क्लिपा आवळल्या. बोट सोललं. फरक नाही. निदान: टर्बोच गेला.
सरोजिनी म्हणाली, “अहो, ते कापलंत तेव्हापासूनच नाही का झालं हे?” मी उसळलो. एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणून पहिली तिचं कारण ठरत नाही, हे सोदाहरण पटवून दिलं. मध्येच ती कुकर बंद करायला गेली. मी मुद्दा पूर्ण केला.

११ ऑक्टोबर
प्रयोग संपले. गाडी चाळीसने जाते. चाळीसने जाऊ. गरोदर मुलीसाठी तोच वेग शास्त्रीय आहे.
झोप नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार
निमगाव केतकीच्या अलीकडे गाडी बसली. काळा धूर, मग तोही नाही. सरोजिनी ओटीचं सामान मांडीवर घेऊन बसून होती. मी बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभा राहिलो. जमलेल्या लोकांनी विचारलं, काय झालं? भेसळीच्या डिझेलपासून सुरुवात केली, एअर फिल्टरपाशी थांबलो.
फोन सरोजिनीनेच लावला. आप्पासाहेब जीप घेऊन आले. मागे ओवी. “हेलपाटा नगं, म्हनून सूनबाईला घिऊनच आलो. बसा, तुमच्या घरी सोडतो.” आमची गाडी एकाच्या पानमळ्यात उभी केली.
मी पुढे बसलो. आरशाला लिंबू-मिरची टांगलेली. खड्डा आला की लिंबू कपाळाला. आप्पासाहेब म्हणाले, “सर, वाईच मागं सरका, तुमाला लागतंय.”
सरकलो. ओवी आईच्या खांद्यावर झोपली होती.

१४ ऑक्टोबर
दादासोने गाडी ओढून आणली. सरोजिनीने देवघरातून पुडी काढली. तोच बिब्बा तिला परत बांधायचा होता. पुडीत दोरा, मिरची आणि बोटभर काळी रबरी नळी. दोन्ही टोकं स्वच्छ कापलेली. “दोऱ्याबरोबर हेही पडलं होतं. कशाचं आहे हो?”
दादासो म्हणाला, टर्बोला ओढ देणारी नळी. सरोजिनी माझ्याकडे बघत राहिली.
नवी नळी बसली. शिट्टी परत आली.
निष्कर्ष: अंधश्रद्धा घातकच. दोरा नसता, तर कात्री चाललीच नसती. भाषणात हे सांगणार. नळीचा उल्लेख टाळणार.
संध्याकाळी सरोजिनीने दोरा पुन्हा बांधला. उद्या ओवीला तपासणीला न्यायचंय, म्हणून विरोध केला नाही. बॉनेटखाली अंधार होता. टॉर्च मीच धरला. नळीपासून जरा लांब बांध, एवढंच म्हटलं.