पान त्रेचाळीसवरचा समुद्र

८ नोव्हेंबर २००७, मालवण
ग्रंथालय बंद करून सायबर कॅफेत. पुण्याच्या मंडळींचा तो इंटरनेटवरचा शब्दकोश. नियम पक्का: शब्द द्या, पण सोबत छापील पुस्तकातलं वाक्य, लेखकाचं नाव आणि पान. आजवर माझे चाळीसेक शब्द कोशात लागले.
आज मात्र घबाड. जुन्या कपाटात सुलूमावशीची कादंबरी सापडली. तिची एकुलती एक. पान ४३: ‘दुसऱ्या दिवशी समुद्र निमळला होता.’
निमळणे! कुठल्याच कोशात नाही. निर्मळ होणं आणि निमूट होणं, दोन्ही एकदम. टाकला. खाली मावशीचं नाव लिहिताना उगाच ऊर भरून आला.

२० नोव्हें.
संपादकांची मेल. शब्द फार आवडला, मालवणी आहे का? ‘हो’ म्हणून कळवलं. कोणालाही न विचारता. लगेच मुखपृष्ठावर, ‘आजचा शब्द’.

२ डिसेंबर
प्रिंट काढून आचऱ्याला गेले. सुलूमावशी अंगणात कुळीथ पाखडत होती. आईची मैत्रीण, मला मुळाक्षरं हिनेच शिकवली. चष्मा लावून कागद तीनदा वाचला.
“ह्यां माझा वाक्य न्हय गो.”
मला कळेना.
“निवळला लिवललंय मी. निवळला. छापखान्यात ‘व’चो ‘म’ झालो.”
मग सांगितलं. नऊ वर्षांची होती, वडिलांची होडी वादळात गेली. दुसऱ्या दिवशी पाणी इतकं स्वच्छ की तळातली वाळू दिसत होती. जणू समुद्राला काही झालंच नव्हतं. त्याचा आलेला राग तिने त्या एका शब्दात घातला होता. महिनाभर ते वाक्य घासलं होतं. पुस्तक आलं, आणि मुंबईच्या कोणा परीक्षकाने नेमकी तीच ओळ उचलून लिहिलं, लेखिकेने आधी शुद्धलेखन शिकावं.
त्यानंतर लिहिलं नाही. आई नुसतं म्हणायची, सुलूने सोडलं. का, ते आज कळलं. तिची लाज मी जगाच्या वेशीवर टांगली, वर पानाचा क्रमांक देऊन.
रागावली नाही. निघताना पिशवीत कुळीथ घातले. रागावली असती तर बरं.

३ डिसें.
संपादकांना कळवायला हवं. पण शब्द गेला की तिचं नावही जाणार. दुसरं कुठे आहे ते?

५ डिसें.
कळवलं. चूक माझी, शब्द नाही, मुद्रणदोष आहे. ‘पाठवा’वर बोट ठेवून बराच वेळ बसले.

१४ डिसें.
त्यांनी नोंद काढून टाकली. मी विचारलं होतं, मग ‘निवळणे’खाली तरी तिचं खरं वाक्य घ्या. उत्तर: छापलंय तसंच घेता येतं. म्हणजे तिने लिहिलेलं छापलेलं नाही, आणि छापलेलं तिने लिहिलेलं नाही. लेखिका जिवंत आहे, आचऱ्याला राहते, विचारा तिला! असं लिहिलं, मग खोडलं. नियम त्यांचाही खोटा नाही.

९ जानेवारी २००८
ग्रंथालयात मावशीचा फोन.
“तो शब्द काढलंस?”
“काढला.”
“कित्याक?”
तूच म्हणालीस ना, असं ओठावर आलं. ती पुढे बोलतच होती. “सकाळी दर्यार गेललंय. वारो नाय, काय नाय. इतकी वर्षां त्या छापखानेवाल्याक गाळी घातलंय. पण आज बघलंय तर समुद्र निमळललोच. दुसरो शब्द मेळाना माका.”
आणि फोन ठेवला. रजिस्टरवर शिक्का उलटा मारला मी.

१८ फेब्रुवारी
मावशी स्वतः एसटीने आली! पिशवीत वही. चार पानं, शाई ताजी. होडीचीच गोष्ट, पण आता ती नऊ वर्षांची मुलगी किनाऱ्यावर थांबते, बाकीचे घरी गेल्यावरही. ‘समुद्र आधी निवळला. ती उठली नाही. मग तो निमळला.’
रडू आलं. तिने पाहिलं नसल्यासारखं केलं.
“ह्यां खंय छापतत?”
कणकवलीच्या एका दिवाळी अंकवाल्यांना विचारते म्हटलं.
“प्रूफ मीच तपासतलंय.”

२ मार्च
अंकवाले घेणार. शब्दकोशाच्या संपादकांना प्रामाणिकपणे विचारलं: चुकून जन्मलेला शब्द लेखिकेने नंतर मुद्दाम वापरला तर तो पुरावा धरता येईल? त्यातही माझ्या नोंदीनंतर लिहिलेला? उत्तर: एकच लेखक पुरेसा नाही. शिवाय आमच्यात मतभेद आहेत, मंडळात ठेवू.
ठेवोत. मलाही नक्की सांगता येत नाही.

३० मार्च
आचरा. मंडळाचं अजून काही नाही. मावशीला सांगितलं, नाही घेतला तर वाईट वाटून घेऊ नकोस. तिचं लक्षच नव्हतं. मांडीवर नवी वही, अर्धी भरलेली. ही कादंबरी की काय? माझ्यातली कारकून जागी झाली, विचारलं, कितव्या पानावर आलीस?
वही माझ्या हातात देत म्हणाली, “आधी वाच गो. पान मागीर.”