वडाशिवाय वटपौर्णिमा

मुलुंड

प्रिय शालनताईस,
तुझ्या धाकटीचा नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत, इथल्या उकाड्याची काळजी करू नकोस.

गेल्या वर्षी सरकारने बायकांसाठी भरवलेल्या हवामानबदलाच्या वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, वटपौर्णिमेला फांद्या विकत घेऊ नका, जिवंत झाड पुजा. आम्ही सगळ्या जणींनी ऐकलं, कोपऱ्यावरचा वड पुजला. यंदा रस्तारुंदीसाठी सरकारनेच तो तोडला.

काल पुन्हा वर्ग भरला. शेजारच्या विमलाने विचारलं, "मॅडम, आता सिग्नलच्या खांबाला दोरा गुंडाळू का?" सगळ्या हसल्या. बाई पाठ फिरवून फळा पुसायला लागल्या. मला त्यांचीच दया आली.

पुढच्या आठवड्यात पौर्णिमा. फांदी आणायला मन होत नाही. आपल्या गावच्या कॉन्व्हेंट शाळेमागच्या वडाला माझाही दोरा तू गुंडाळशील? तो आहे ना गं अजून?

तुझी,
नलू