ठिगळ लावलेलं विमान

अब्बा, आज सकाळपासून तुमच्यावर चिडून बसलोय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या कामात नाक खुपसायची तुमची सवय काही जात नाही. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर मी बोलायचं ठरलंय. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, तोंडाचे स्पष्ट. म्हणाले, "अहो, दरवर्षी पाण्याच्या टाकीवरच भाषण होतं, यंदा जरा तुमच्या त्या विमानावर होऊ द्या. दहाच मिनिटं बोला, अकराव्या मिनिटाला चहा गार होतो." म्हणून लिहायला बसलो. पत्रा कसा कापला, भोकं कशी पाडली, सगळं भराभर कागदावर उतरलं. मग एका जागी पेन अडलं ते अडलंच. तीन कागद फाडले. शेवटी म्हटलं, ज्यांच्यामुळे अडलंय त्यांनाच लिहावं. मराठीतच लिहितोय. घरी आपण दखनीत बोलायचो, पण मला रागवायचात ते मात्र मराठीत, दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही कळावं म्हणून.

तुमचं सगळंच जगावेगळं. मंडईमागच्या आपल्या पत्र्याच्या दुकानात बसायला एकच गादी. बादलीच्या बुडाला ठिगळ लावून झालं की ती काठोकाठ भरायची, गादीवर ठेवायची आणि गिऱ्हाईक येईपर्यंत आपण बाजूला उभं राहायचं. गळली तर आपली गादी भिजेल, लोकांचं घर नाही, हा तुमचा न्याय. ती गादी उन्हात टाकून टाकून अम्मीचा जीव मेटाकुटीला यायचा. एकदा माझे वर्गशिक्षक बादली न्यायला आले. शनिवार पेठेतले, धोतर-कोटातले. बादली गादीवर आणि तुम्ही हात बांधून उभे, हे पाहून त्यांनी विचारलं, "यातले मालक कोण म्हणायचे?" दुकानातले सगळे हसले, तुम्ही सोडून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मात पत्र्याला हात लावायचा नाही, असं मी तेव्हाच ठरवलं. पुढे हवाई दलात भरती झालो, तर त्यांनी मला कुठं घालावं? विमानाच्या पत्र्याच्या कामावर. तुम्ही ते ऐकून आठवडाभर खूश होतात, याचाही मला रागच आला होता.

विमानाची ती गोष्ट घडली तो तळ ईशान्येच्या डोंगरांत होता. तळ म्हणजे काय, दरीत एक खडबडीत धावपट्टी, पत्र्याच्या चार बराकी आणि वर सतत ढग. रस्ता नाही. पीठ, रॉकेल, टपाल, सगळं छोट्या विमानानं यायचं. त्या दिवशी विमान उतरताना चाकाखालचा दगड उडाला आणि शेपटीच्या आडव्या पंखाला खालून लागला. वीतभर चीर पडली, शेजारी मूठ जाईल एवढं भोक. तिथला पत्रा हवेत उचकटला तर विमान वैमानिकाच्या हातात राहत नाही. दुसऱ्या विमानानं सामान मागवावं, तर ढग हटायला तयार नाहीत. माझ्याकडे हातानं फिरवायचं ड्रिल, कातरी, एक हातोडी आणि पत्रा ठोकून जोडायचे रिव्हेट, तेही लागणार होते त्याच्या निम्मेच. धावपट्टीच्या कडेला एक जुनं पडलेलं विमान वर्षानुवर्षं गंजत होतं. त्याच्या दाराचा पत्रा अजून धड होता, तो कापून आणला. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं, म्हणजे चीर पुढं पळत नाही. हे हवाई दलाच्या आधी तुम्ही शिकवलं होतंत, टपल्या मारून. रिव्हेट संपले तिथं नटबोल्ट लावले. तीन दिवस गुडघ्यावर बसून काम केलं. बोटं थंडीनं वाकत नव्हती.

त्या दुरुस्तीची मला शाबासकी मिळाली. पुढं ज्यांनी ज्यांनी ही गोष्ट ऐकली, त्यांनी पत्रा कुठला, बोल्ट कसले, हेच विचारलं. सुट्टीवर पुण्याला आलो आणि दुकानात तुम्हाला सांगितली, तर तुम्ही हातातलं काम न थांबवता एवढंच विचारलंत, "तू बसलास का त्यात?"

अख्ख्या जगात हा एक प्रश्न तुम्हालाच सुचायला हवा होता? मी "हो" म्हणालो. तुम्ही कातरी खाली ठेवलीत. त्या दिवसापासून मला रागवणंच सोडलंत. समोरच्या भुसार दुकानात सांगितलंत, मशिदीत सांगितलंत, त्या वर्गशिक्षकांना मुद्दाम थांबवून सांगितलंत, आमचा स्वतः बसला त्यात. शेवटच्या आजारात छातीला नळ्या लावल्या होत्या, तरी डॉक्टरला सांगत होतात. त्यानं बिचाऱ्यानं रक्तदाब विचारला होता. मी खाटेपाशी उभा होतो आणि मान डोलवत होतो.

मी बसलो नव्हतो, अब्बा.

चौथ्या दिवशी सकाळी ढग फाटले. जेमतेम तासभर मिळेल, असं वैमानिक म्हणाले. ओझं कमी ठेवायचं, म्हणून ते आणि आणखी एकच माणूस. तो माणूस कोण, हे विचारायची तिथं पद्धत नव्हती. ज्यानं दुरुस्ती केली तो पहिल्या उड्डाणाला बरोबर बसतो. कुठं लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात. त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं. तळावर साताऱ्याकडचा एक जवान होता, दाढ सुजून गालफड फुगलेलं. त्याला खाली न्यायला हवं होतं, पण घाई नव्हती. आणखी दोन दिवस गोळ्यांवर निघतील, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. मी त्यालाच पुढं केलं. म्हटलं, याला जाऊ द्या, बिचाऱ्याला खाता येत नाही. वैमानिकांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. बाकीच्यांना ते माझं मोठं मन वाटलं. अजूनही जुन्या सोबत्यांच्या भेटीत कुणी ना कुणी त्या दाढेची आठवण काढतो, आणि मी चहात बघत राहतो.

चढताना त्यानं गाल धरून विचारलं, "टिकंल न्हवं, उस्ताद?"

मी म्हणालो, "माझ्या बापाच्या हाताखाली शिकलोय. टिकेल."

स्वतःची खात्री नव्हती, म्हणून तुमची दिली. मधले ते बोल्ट मला सकाळपासून खुपत होते. विमान धावपट्टीवरून सुटलं, दरीत जरा खाली गेलं, मग वर आलं आणि वळणाआड दिसेनासं झालं. तेव्हा माझ्या मनात काय आलं सांगू? त्या पोराचा विचार नाही, वैमानिकांचा नाही. बरं झालं, आपण खाली आहोत, एवढंच आलं. सुखरूप उतरल्याचा निरोप वायरलेसवर यायला तास लागला. तो तास मी बराकीमागं हत्यारं पुसत काढला. पुसलेलीच पुन्हा पुसत होतो. ठिगळ पुढं कितीतरी दिवस टिकलं, म्हणजे काम चांगलंच झालं होतं. पण ते मला नंतर कळलं, वर बसलेल्या त्या पोराला आधी.

सेक्रेटरींना अजून काही कळवलेलं नाही. भाषणात दाढेचा भाग गाळला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही, दहा मिनिटांत बसतंय. तुम्ही असतात तर पहिल्या रांगेत बसून नेमकं तेच विचारलं असतंत, म्हणून तुमच्यावर चिडलोय. हा कागद कुठं पाठवायचा नाही. पाठवता आला असता तर इतकं लिहिलंही नसतं. खरं सांगायचं तर, आज तुम्ही दारात येऊन तेच विचारलंत, तर मी पुन्हा हो म्हणेन.