आबांची अट

वेल्हे, ८ जुलै २०२४

ती. आत्यांना नूतनचा सा. न.

पासलीत रेंज नाही, म्हणून हे पत्र एसटीच्या कंडक्टरकडे देते आहे.

संक्रांतीला आबा तुमच्यासमोरच म्हणाले होते, की नापास झालीस तर यंदा लग्न लावून टाकतो. मी पास झाले. तरी रविवारी भोरहून पाहुणे येताहेत. मी आठवण दिली, तेव्हा आबा शांतपणे म्हणाले, नापास झालीस तर काय, ते मी बोललो होतो. पास झालीस तर लावणार नाही, असं कधी बोललो?

मी तर्कशास्त्राचं पुस्तक उघडलं. आबा बरोबर आहेत. कॉलेजच्या सरांना फोन केला. ते पोटभर हसले आणि म्हणाले, वडिलांना वर्गात घेऊन ये.

एम.ए.च्या प्रवेशाची मुदत वीस तारखेला संपते. ज्या विषयात ब्याऐंशी मार्क पडले, तोच माझं लग्न लावतोय.

तुमची, अजून बिनलग्नाची,
नूतन

पासली, १० जुलै

चि. नूतनला अनेक आशीर्वाद.

माझा हा धाकटा भाऊ सोमनाथ चौथीत दोनदा बसला, आणि आता वकिली करतोय. तू पुस्तक मिटून ठेव. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी जे ऐकलं, तेच त्याला म्हणायचं होतं. त्यालाही ते ठाऊक आहे.

शुक्रवारी तुमची भातलावणी. दरवर्षीसारख्या आम्ही बारा जणी तुमच्या खाचरात, मग तुम्ही आमच्या. आज सोमनाथला निरोप धाडला, की टेम्पो पाठवला नाहीस तर आम्ही येणार नाही. सातला टेम्पो दारात उभा असेल, असा त्याचा उलट निरोप आला.

तू गप्प राहा. शुक्रवारी भाकरी मात्र घरापुरतीच थाप.

तब्येतीला जप, आणि हसू दाबून ठेव.
बनाआत्या

वेल्हे, १२ जुलै

ती. आत्यांना सा. न.

टेम्पो रिकामा आला. ड्रायव्हर पप्पू म्हणाला, बायका ओट्यावर चहा पीत बसल्यात, मलाही पाजला. आबा चिखलाच्या पायांनीच मोटरसायकलवर बसले.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण त्यांच्या तोंडून ऐकायला हवं होतं. टेम्पो तर पाठवला होता, असं ते म्हणाले. त्यावर तुम्ही विचारलंत म्हणे, की टेम्पो आला तर येऊ, असं आम्ही कधी बोललो? तुमच्यातल्या रतनबाई तोंडात पदर कोंबून खालीच बसल्या.

जेवताना त्यांनी मला विचारलं, हे पुस्तकात आहे का. मी पान काढून वाचून दाखवलं. ते बराच वेळ एकच घास चावत राहिले. मग त्यांनाच हसू फुटलं, ठसका लागला, आणि आई त्यांची पाठ थोपटता थोपटता स्वतःच हसत सुटली.

पाहुण्यांना त्यांनी येऊ नका म्हणून कळवलं. माझ्या वहीचं पान फाडून लिहिलं, नूतन एम.ए.ला जाईल. खाली सही केली. मी दोनदा तपासलं. कुठेही जर नाही, तर नाही.

उद्या सातला टेम्पो येतोय. छत्तीस भाकरी थापते.

लोभ आहेच, त्याला अट घालू नका.
नूतन