अर्ज मी पाठवला नव्हता

प्रिय फुसाको,

जगासाठी तू रुरी असशील, मी फुसाकोच लिहिणार. परवा टीव्हीवर पुन्हा तेच. पापण्या खाली घालून म्हणालीस, “अहो, मला कुठे काय माहीत! मैत्रिणीनंच परस्पर गायिकांच्या निवड-स्पर्धेला माझा अर्ज पाठवला.” शेजारच्या कुरोगीबाई माझ्याकडे चहाला बसल्या होत्या. त्यांनी डोळे पुसले. “किती निःस्वार्थी असेल हो ती मैत्रीण!” मी त्यांना दुसरा कप विचारला नाही.

तुमच्या धंद्यातल्या सगळ्याच मुली हे सांगतात. स्वतःहून प्रसिद्धी मागितली म्हणणं आपल्याकडे शोभत नाही ना! पण तुझ्या अर्जाचे तीन कच्चे खर्डे शाळेच्या ग्रंथालयात माझ्यासमोर झाले. वजन सत्तेचाळीसचं त्रेचाळीस तूच केलंस. आणि नागासाकीच्या त्या चढावरच्या टपालपेटीत आपण दोघींनी आपापलं पाकीट एकाच वेळी टाकलं. हो, माझंही होतं. त्याचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. मी पुढे अडतीस वर्षं पोस्टात नोकरी केली, तेव्हा टपाल गहाळ झालं म्हणण्याचीही सोय उरली नाही.

आपल्या कॉन्व्हेंटमध्ये अर्जाचं कळलं आणि सिस्टर उर्सुलांनी बोलावलं तेव्हा तू हुंदके देत माझ्याकडे बोट दाखवलंस. “तोशिएनं पाठवला, सिस्टर.” शाळेतून काढतील म्हणून घाबरली होतीस. मी मान हलवली. मला वाटलं, दोन दिवसांची गोष्ट. त्यांनी मला वृंदगानातून काढलं. नाताळला माझी एकटीची ओळ दुसरीनं गायली, तीही बेसूर. तोवर तू टोकियोत झालरीचा झगा घालून नाचत होतीस.

मग वर्षभर आमच्या पोस्टातल्या दिनदर्शिकेवर तूच. म्हातारे बचतखात्याचा अर्ज भरता भरता मला विचारत, “ही आपल्या गावची ना? तुमच्याच वयाची असेल!” आणि एकदा तुझ्या फोटोकडे, एकदा माझ्याकडे बघत. पुढे तू केस कापलेस, गाणं सोडलंस, अभिनेत्री झालीस. कोळ्याच्या विधवेचं काम केलंस, तो चित्रपट मी तीनदा पाहिला. चुका काढायला.

आता मुद्द्याचं. तुझ्या कारकिर्दीला पन्नास वर्षं झाल्याच्या कार्यक्रमासाठी टीव्हीवाल्यांनी मला शोधून काढलं. काल एका मुलीचा फोन आला. “अर्ज पाठवणाऱ्या तुम्हीच ना?” फुसाको, या प्रश्नाचं ‘नाही’ मी पन्नास वर्षं जिभेवर तयार ठेवलं होतं. पण ती पोरगी थांबेचना. “त्यांच्यात तुम्हाला तेव्हा असं काय दिसलं हो?” हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. मी सांगत सुटले. तू प्रार्थनेचा उतारा वाचायला उभी राहिलीस की सिस्टर पान उलटायला विसरायच्या. आणि त्या चित्रपटात गेलेल्या नवऱ्याचं जुनं पत्र हातात घेण्याआधी तू बोटांवरचे माशाचे खवले कमरेच्या फडक्याला पुसतेस, ते कुणी शिकवलेलं नाही, ते तुझ्यातच होतं. दहा मिनिटं बोलले. त्यात एक शब्द खोटा नव्हता. मग तिनं पुन्हा विचारलं आणि मी म्हणाले, “हो, मीच पाठवला.”

गुरुवारी चित्रीकरण आहे. आपल्या दोघींचं सांगणं जुळलं पाहिजे, म्हणून हे पत्र. पाठ कर. “पाकीट निळं होतं, मला काही माहीत नव्हतं, आणि तोशिए माझ्यापेक्षा चांगली गायची.” शेवटचं मीच घातलंय. ते बोलताना पापण्या खाली घालू नकोस, कॅमेऱ्याकडे बघून बोल.

तुझीच ती निःस्वार्थी मैत्रीण,
तोशिए